आप्पांच्या कोकरांची कुट्टी

आप्पांना काय झालं ते आधी सांगते, कारण गावात मशीनवरून वेगळंच बोललं जातंय.

१. मंगळवारी सकाळी मारुतीआप्पांनी कोकरांसाठी कडबा कापून कुट्टी केली.
२. कुट्टी मशीन स्वतःच्या हातानं बंद केलं. मग छातीत दुखतंय म्हणाले.
३. दवाखान्यात पोचेपर्यंत हृदय थांबलं होतं.
४. मशीनचा यात काही संबंध नाही.

आक्का, वडीलधारी मंडळी, सगळं येळ्ळूर गाव इथं जमलंय. मला सभेत बोलायची सवय नाही.

जनावरांच्या आहाराचं शिक्षण संपल्यावर माझं पहिलं काम आप्पांच्या शेडातलं. आप्पा कोकरं आणून वाढवायचे. कडबा अगदी पिठासारखा करायचे. "बघ पोरी, गव्हाणीत काडी उरत न्हाय," म्हणायचे. खरंच उरत नव्हती. पण कोकरं रवंथही करत नव्हती. पीठ चावावं लागत नाही, लाळ सुटत नाही, पोट आंबतं. लांब काड्या टाकल्या तर पानं खाऊन दांडे तसेच सोडतात. मी म्हटलं, बोटाच्या पेराएवढी कुट्टी करा.

"कोकरं काय पट्टी घिऊन जेवत्यात व्हय गं?" सगळं शेड हसलं. मीही हसले असेन.

तरी निम्म्या कोकरांना त्यांनी पेराएवढी कुट्टी घातली. काही आठवड्यांनी दुपारी मला बोलावलं. ती कोकरं निवांत बसली होती, जबडे हलत होते. वजनंही त्यांचीच जास्त भरली होती. "ऐक गं," आप्पा म्हणाले. आम्ही रवंथ ऐकत बसलो.

आप्पा गेले, आणि रीतीप्रमाणे तुम्ही या घरची कामं वाटून घेतलीत. सकाळी कोणी पीठ घालतं, संध्याकाळी कोणी अख्खी पेंढी टाकतं. मायेनंच घालता. पण रोज बदलणारा चारा कोकरांना सोसत नाही. काल बऱ्याच कोकरांनी गव्हाणीकडे पाठ फिरवली. काहींची पोटं फुगलीत.

आप्पांचे भाऊ आक्कांना म्हणाले, "वैनी, बाजारात घालूया."

आक्का म्हणाल्या, "त्येंनी वाढवायला आनल्याती. आर्धी वाढल्याली कशी घालू?"

आक्कांचा हात दुखरा आहे. त्यांना मशीन चालवता येत नाही. नाहीतर मी आज हे बोलले नसते.

आता उभं राहून आप्पांसाठी दोन मिनिटं शांत राहू या.

... बसा.

कोकरं विक्रीला येईपर्यंत रोज एकाच माणसानं, एकाच मापाची कुट्टी कापायला हवी. शिकवायला मी येईन. जो हे काम घेईल, त्यानं शनिवारी संध्याकाळपर्यंत आक्कांना कळवावं. जमणार नसेल तर तेही सांगावं. कोणीच काही कळवलं नाही, तर रविवारी कोकरं बाजारात न्यायला टेंपो येईल.