जादा ताट

(लंडन. प्रत्यार्पण न्यायालयाबाहेरचा बाक. झेनोन, त्याची बायको बोगना आणि वकीलबाई प्रिचर्ड. झेनोनला पोलंडला पाठवायचं की नाही, याची सुनावणी अर्ध्या तासात.)

प्रिचर्ड : हे काय लिहून दिलंत, बोगनाबाई? ‘नवरा असला काय, नसला काय, घर मीच चालवते.’

बोगना : मग शपथेवर खोटं लिहू?

प्रिचर्ड : अहो, जज दोन पारडी मांडणार. एकात जनहित, गुन्हेगार आपल्या देशात परत गेलाच पाहिजे. दुसऱ्यात तुमचा संसार. त्यात तुम्ही काहीच टाकलेलं नाही.

झेनोन : गुन्हेगार कसला? दोन मासे होते.

प्रिचर्ड : दुसऱ्याच्या तळ्यातले.

झेनोन : ख्रिसमस तोंडावर आलेला. त्या दिवशी कार्प मासा नाही म्हणजे ताटात काय, नुसते बटाटे?

बोगना : चौदा वर्षं झाली, बाई. लग्नही व्हायचं होतं आमचं. त्यातला एक मासा माझ्या आईच्या टबात तीन दिवस पोहत होता. पोलिसांनी पुरावा म्हणून नेला. पुढं त्याचं काय झालं, कोणी विचारू नये.

प्रिचर्ड : शिक्षा दहा महिने, तीही स्थगित. पत्ता बदलला तर कळवायचं, एवढीच अट. तुम्ही न कळवता इकडे आलात, म्हणून तिथल्या कोर्टानं स्थगिती उठवली आणि ते तुम्हाला फरारी म्हणतात.

झेनोन : कळवलं की. जानेवारीत फादर घरोघरी येतात, तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहूनही घेतलं, ‘झेनोन, इंग्लंड’.

प्रिचर्ड : कोर्टाला कळवायचं होतं.

झेनोन : कोर्टाचे कारकून दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर असतात. फादरना सांगितलं की आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

प्रिचर्ड : असो. बाई, हे गेले तर तुमचं काय अडेल? नळ दुरुस्त करतात?

बोगना : करतो. मग मी प्लंबर बोलावते.

प्रिचर्ड : मुलीला, किंगाला, शाळेत सोडतात?

बोगना : रोज. गेल्या महिन्यात शनिवारीही सोडायला गेला होता.

झेनोन : फाटक बंद आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं.

प्रिचर्ड : जरा असहाय दिसता येईल का हो तुम्हाला? गेल्या आठवड्यात एक बाई जजसमोर चक्कर येऊन पडली. तरी नवरा गेलाच. जज म्हणाले, मुलं रडतात, बायका कोलमडतात, हे नेहमीचंच. त्याहून काही वेगळं असेल तर दाखवा.

बोगना : म्हणजे सगळ्यांचे संसार मोडतात, म्हणून आमचा मोडला तर चालतं?

प्रिचर्ड : कायद्याच्या भाषेत जरा सभ्यपणे लिहितात. पण हो.

झेनोन : जाऊ दे ग. दहाच तर महिने.

बोगना : तू गप्प बस. दहा महिन्यांत ख्रिसमस येतो.

प्रिचर्ड : त्याचं काय?

बोगना : आदल्या संध्याकाळी आम्ही एक ताट जादा मांडतो. अचानक कोणी परका दारात आला तर त्याच्यासाठी. यंदा दोन ताटं रिकामी राहतील.

प्रिचर्ड : हे लिहू?

बोगना : लिहा. आणि वरचं खोडू नका, घर मी चालवीनच. पण यातलं परक्याचं ताट कुठलं आणि बाबाचं कुठलं, असं किंगानं विचारलं, तर काय सांगायचं ते जजसाहेबांनाच लिहून द्यायला सांगा.