दहाव्या दिवसाचा डोंगर

अध्यक्षबाई : ...म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव तक्रारी दहा दिवसांच्या आत निकाली. मी बरोबर वाचतेय ना, साहेब?

साहेब : अगदी बरोबर, अध्यक्ष महोदया. गृहनिर्माण विभागाच्या इतिहासात असा आकडा प्रथमच. त्याच अनुषंगाने आमचा निर्णय आहे, की नगरपालिकेच्या घरांसाठी एवढं मोठं दुरुस्ती पथक यापुढे आवश्यक नाही. एकोणीस माणसांऐवजी आठ पुरेशी आहेत. अंदाजपत्रकात तशी तरतूद केलेली आहे.

अध्यक्षबाई : आणि आमच्या छाननी समितीनं आज हरकत घेतली नाही, तर?

साहेब : तर उद्यापासून लागू.

अध्यक्षबाई : आमचे चारही सदस्य माना डोलावतायत. मीही डोलावली असती. पण परवा माझ्या शिवणाच्या दुकानात एक बाई आली. ब्लाउज शिवायला नाही, कागद दाखवायला. ती आता बाहेरच्या बाकावर बसलीय. या हो ताई, आत या. ह्या आपल्या तक्रार खिडकीवरच्या. चौदा वर्षं तिथंच बसतात, त्यामुळे सगळं शहर त्यांना खिडकीताईच म्हणतं.

ताई : नमस्कार, बोला, काय तक्रार आहे आपली? ...अगं बाई! सवयच लागलीय हो जिभेला. माफ करा.

साहेब : महोदया, माझ्या विभागातील कर्मचारी माझ्या परवानगीशिवाय इथे...

अध्यक्षबाई : समितीला कुणालाही बोलावता येतं, साहेब. मी निवडून आले तेव्हा नियमांचं पुस्तक तुम्हीच हातात दिलंत. मी मेलीनं ते वाचून काढलं. ताई, हा कागद काय आहे ते सांगा. लांबून बघितलं तर नुसती मुंग्यांची रांग वाटते.

ताई : ठिपके आहेत, बाई. कुठली तक्रार कितव्या दिवशी बंद झाली त्याचे. एक तक्रार, एक ठिपका. खाली दिवस लिहिलेत, एक ते पंधरा. तीन महिन्यांच्या तक्रारी आहेत. जेवणाच्या सुट्टीत काढत होते.

अध्यक्षबाई : बघा, साहेब. पहिले तीन-चार दिवस बऱ्यापैकी ठिपके. मग विरळ होत गेले. नववा दिवस जवळजवळ कोरा. दहाव्या दिवशी हा एवढा डोंगर. आणि अकराव्याला एकही नाही. मी तीस वर्षं माणसांची मापं घेतेय. कुणी बुटकं, कुणी लंबूटांग, कुणी मधलं. उद्या शंभर गिऱ्हाइकं ओळीनं एकाच उंचीची निघाली, तर मी गिऱ्हाइकांना शाबासकी देणार नाही. आधी माझी टेप तपासेन.

साहेब : यात नवल काय? मुदत जवळ आली की कर्मचारी जोमाने काम करतात. मनुष्यस्वभाव आहे.

अध्यक्षबाई : मग तो जोम नवव्या दिवशी का नाही येत? थोडा तरी यायला हवा की नाही? ताई, दहाव्या दिवशी नेमकं काय होतं?

ताई : सांगितलं तर माझी नोकरी जाईल, बाई.

अध्यक्षबाई : आणि नाही सांगितलं तर?

ताई : पथकातल्या अकरा जणांची जाईल. आणि गळणारी घरं गळतच राहतील.

अध्यक्षबाई : पाणी प्या. मग ठरवा. घाई नाही.

ताई : ठरवूनच आलेय. नाहीतर चांगली साडी कशाला नेसले असते? ऐका. दहा दिवस पूर्ण झाले की संगणकाच्या पडद्यावर तक्रार लाल होते. लाल झाली की माझ्या यादीतून उडते आणि वरिष्ठ फेरतपासणीकडे जाते. आता पथकाला रोजची कामं कुठून मिळतात? फक्त माझ्या यादीतून. म्हणजे लाल झालेल्या घरी पाना घेऊन कुणी फिरकतच नाही.

अध्यक्षबाई : फेरतपासणी कोण करतं, साहेब?

साहेब : त्यासाठी स्वतंत्र फेरतपासणी अधिकारी नेमण्याची व्यवस्था आहे.

अध्यक्षबाई : बोलवा त्यांना.

साहेब : पद मंजूर आहे.

अध्यक्षबाई : पदाला नाही बोलवत मी. त्यावरच्या माणसाला.

साहेब : ...पद सध्या रिक्त आहे.

ताई : सव्वा वर्ष झालं. त्यांच्या टेबलावर आता कुंड्या आहेत. पाणी मीच घालते.

अध्यक्षबाई : म्हणजे लाल झालेली तक्रार कुंड्यांकडे जाते.

ताई : म्हणून मी एक युक्ती केली. दहाव्या दिवशी, लाल व्हायच्या आत, तक्रार निकाली काढायची. आणि त्याच मिनिटाला त्याच घराची नवी तक्रार उघडायची. नवा नंबर, नवे दहा दिवस. यादीत राहिली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

साहेब : हा शासकीय नोंदींतला फेरफार आहे! तुम्हाला त्याचं गांभीर्य कळतंय का?

ताई : कळतंय, साहेब. मला वाटायचं, मी लोकांच्या तक्रारी जिवंत ठेवतेय. मग तुमचा अहवाल आला. शंभरात सत्त्याण्णव! तो आकडा तुमचा नव्हता, माझा होता. माझ्या त्या नव्या नव्या नंबरांचा. आणि त्याच्यावर पथकातल्या अकरा जणांना घरी बसवणार. माझ्याच हातानं मी त्यांच्या पायावर धोंडा पाडला. मग ठिपके काढायला बसले.

साहेब : भावना ठीक आहेत. पण कागदावर ठिपके कुणीही काढेल. पुरावा काय?

ताई : ही वही. प्रत्येक घराची पहिली तारीख, आणि त्याच्यापुढे जेवढे नंबर बदलले तेवढे सगळे. खरं केव्हा काय झालं, ते कुठंतरी असायला हवं ना.

अध्यक्षबाई : मग सोपं आहे. साहेब, तुमच्या अहवालातला कुठलाही नंबर काढा. तुम्हीच काढा, आम्ही बोट लावणार नाही.

साहेब : ठीक. चार हजार चारशे सतरा.

ताई : चव्वेचाळीसशे सतरा... हां. तिसरी इमारत, तळमजला, घर सहा. स्वयंपाकघरातला पाइप. हा पाचवा नंबर आहे. तिथल्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा नातू कडेवर होता. आता तो त्यांचं बोट धरून चालत येतो.

साहेब : चार हजार नव्वद.

ताई : ही झालीय. खरंच झालीय. दाराची कडी होती. पथकातल्या सुतारकाकांनी दुसऱ्या दिवशी लावली.

अध्यक्षबाई : आपल्या विरुद्ध जातं तेही सांगताय की!

ताई : वही आहे ती, बाई. ती थोडीच माझी बाजू घेणार.

साहेब : चार हजार सहाशे दोन.

ताई : हा... हा नववा नंबर आहे, साहेब. पाचवी इमारत, वरचा मजला. छत. आजी एकट्या राहतात. पलंग तीनदा सरकवला, आता सरकवायला भिंत आडवी येते म्हणतात. दर दहाव्या दिवशी मीच फोन करून विचारते, झालं का हो काही.

साहेब : नव्वद दिवस? शक्यच नाही. अशी वही घरी बसूनही लिहिता येते. मी स्वतः फोन लावतो.

अध्यक्षबाई : लावा. इथंच, सगळ्यांसमोर.

साहेब : हॅलो? मी नगरपालिकेच्या गृहनिर्माण विभागाचा प्रमुख बोलतोय... हो, प्रमुख... नाही, खरंच प्रमुख... आजी, फोन ठेवू नका. भाड्यासाठी नाही केलाय. आपल्या छताची तक्रार आमच्याकडे निकाली दिसतेय... हो... हो, ऐकतोय... मागे हा टप टप आवाज कसला?... अच्छा. बादली... हो. सांगतो त्यांना. नक्की सांगतो. ठेवतो.

अध्यक्षबाई : काय म्हणाल्या?

साहेब : म्हणाल्या... निकाली म्हणजे काय ते एकदा येऊन बघ.

अध्यक्षबाई : आणि?

साहेब : आणि ताईंना निरोप आहे. अजून गळतंय, पण तू जिवाला लावून घेऊ नकोस. वेळेवर जेवत जा.

अध्यक्षबाई : ताई, डोळे नंतर पुसा, आधी आकडा सांगा. ह्या वहीप्रमाणे दहा दिवसांत खरोखर झालेली कामं किती?

ताई : शंभरात एकेचाळीस. तीही एकोणीस माणसांनी ऊर फुटेस्तोवर धावून.

अध्यक्षबाई : मग आठ माणसांनी किती होतील, साहेब? बोला, इतिवृत्तात लिहायचंय.

साहेब : ...सतरा. फार तर अठरा.

अध्यक्षबाई : सतरा. लिहा हो, साहेबांच्या तोंडचाच आकडा लिहा. आता सदस्यांनो, हा निर्णय उद्यापासून लागू व्हावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा... पंखा सोडून काही हलत नाहीये. बरं. निर्णय परत पाठवावा, पथक आहे तसं ठेवावं, असं म्हणणारे? एक, दोन, तीन, चार. आणि हा माझा, पाचवा. अहो ताई, तुम्ही हात खाली घ्या, तुम्हाला मत नाही!

ताई : आपोआप गेला हो वर!

अध्यक्षबाई : पाचपैकी पाच. निर्णय परत. पथकाच्या एकाही माणसाला हात लागणार नाही.

ताई : बाई, एक मिनिट दार उघडू का? बाहेर जिन्यात पथकातले उभे आहेत. एकोणीसच्या एकोणीस. सकाळपासून कुणी चहालासुद्धा हललं नाही.

अध्यक्षबाई : उघडा, उघडा. तुम्हीच सांगा त्यांना, तो मान तुमचा... अहो हळू! अहो, शिट्ट्या नकोत, सभागृह आहे हे! ताईंना खाली ठेवा आधी, पडतील त्या! सुतारकाका, तुम्ही तरी जरा वयाचं भान... जाऊ दे. नाचा. दोन मिनिटं कामकाज तहकूब.

(तासाभरानंतर. सभागृहात तिघंच उरले आहेत.)

साहेब : ताई, तुम्हाला एक लेखी समज द्यावी लागेल. नोंदी बदलल्यात, त्याला इलाज नाही.

ताई : म्हणजे काढत नाही मला?

साहेब : समज म्हणजे समज. काढायचं पत्र वेगळं असतं.

ताई : द्या, साहेब. फ्रेम करून खिडकीत लावते.

अध्यक्षबाई : लावेल हो ती, खरंच लावेल. आणि ते लाल होऊन उडून जाण्याचं काय, साहेब?

साहेब : आजच बंद करतो. यापुढे घरातला माणूस 'झालं' म्हणेल तेव्हाच तक्रार बंद होईल. आकडा वाईट दिसेल.

अध्यक्षबाई : दिसू द्या. मापात आधी खरं पोट लिहावं लागतं, तरच कपडा अंगाला बसतो. चला, मी निघते. दुकानात तीन नवऱ्या मुलींची आई वाट बघतेय.

साहेब : ताई, एक विचारू? मी ह्या विभागात अकरा वर्षं आहे. तुमच्या खिडकीशी कधी आलो होतो का हो?

ताई : एकदा आला होतात.

साहेब : कशासाठी?

ताई : पेन मागायला.

साहेब : ...सोमवारी खिडकी किती वाजता उघडते?

ताई : आठला. पण रांग साडेसातपासूनच असते.

साहेब : मग मी साडेसातला येतो. एक खुर्ची जास्तीची ठेवा.