विम्याचं मधूने पाहिलं आहे

जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि समोर बसलेल्या सुमनवहिनी,

रघुनाथ गांगुर्डेला जाऊन दीड महिना झाला. ही शोकसभा इतकी उशिरा होते आहे ती माझ्यामुळे. मी टाळत होतो. वहिनींना म्हटलंही, दुसऱ्या कुणाला तरी बोलू द्या. त्या म्हणाल्या, "मधुभाऊ, तुम्हीच बोला. आणि खरं बोला."

मी मधुकर निकम, विमा एजंट. इथल्या निम्म्या लोकांच्या स्कूटरचा विमा माझ्याकडे आहे. रघू माझा बालमित्र, दोघंही मूळचे चांदवडचे. तो नाशिकला विमानांचा मेकॅनिक झाला, मग उडवायलाही शिकला. एका क्लबाने मोडीत काढलेलं दोन माणसांचं विमान त्याने घेतलं आणि पाच वर्षं शेडमध्ये त्याच्याशी झटला. उडायला लागलं तेव्हा माझ्याकडे आला. म्हणाला, "मधू, याचा विमा कर."

विमानाचा विमा! उभ्या जन्मात केला नव्हता मी. मुंबईहून कागद मागवले. ट्रकसारखंच असेल, असं धरून चाललो. त्याला सांगितलं, एक विमा विमानाचा, एक खाली कुणाचं नुकसान झालं तर त्याचा, आणि एक तुझ्या जिवाचा. झालं. कर सही.

त्याने सही केली नाही. कागद घरी नेले. पंधरा दिवस डिक्शनरी घेऊन बसला. इंजिनाचं पुस्तक वाचावं तसं एकेक कलम वाचलं, लाल पेन्सिलीने खुणा केल्या, आणि मग मलाच शिकवायला आला. "हे बघ मधू. कोण उडवणार त्याचं नाव पायजे. कशासाठी उडवणार ते पायजे. स्वतःच्या प्रवासाला चालतं. वरून काही टाकायचं असलं तर कंपनीला आधी कळवायचं. नाय कळवलं तर तिन्ही विमे गेले." मी म्हणालो, "अरे, ते छापीलच असतं. कोण वाचतं?" तो म्हणाला, "मी वाचतो ना."

असा माणूस होता तो, लोकहो. आणि एजंट असा होता.

मग माझ्या मुलीचं, शैलाचं लग्न ठरलं. चांदवडला, शेतात मांडव. आणि मला हौस आली. हो, मलाच आली. आजपर्यंत सगळे समजतात की रघूने प्रेमाने ते केलं. मी मागितलं होतं. "रघू, अक्षता पडल्या की वरून फुलं टाकशील?"

तो लगेच हो म्हणाला नाही. सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "मधू, फूल डोक्यात पडून कुणाला टेंगूळ आलं, तर तुझ्या कागदात बसंल का ते?"

मी खो खो हसलो. "बसेल रे! फुलांचा क्लेम मी स्वतः पास करून आणतो!" तोही हसला.

तो चेष्टा करत नव्हता हो. तो विचारत होता. आपल्या एजंटला विचारत होता, की बाबा, तू कळवणार आहेस ना? आणि मी काय केलं? मी हसलो. एक पत्र टाकायचं होतं. एक ट्रंक कॉल करायचा होता. लग्नाच्या गडबडीत माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आदल्या दिवशी त्याने पोतंभर झेंडू सोलला. अख्खं फूल उंचावरून लागतं, म्हणून नुसत्या पाकळ्या. मंगलाष्टकं संपली आणि तो आला. पाकळ्या पडल्या. शैलाने वर पाहिलं. आपण टाळ्या वाजवल्या. तो विहिरीपलीकडे वळला, विजेच्या तारेला लागला आणि कांद्याच्या वावरात पडला. टाळ्यांत आवाज ऐकूच आला नाही.

कंपनीच्या फॉर्मात एक रकाना असतो, उड्डाणाचं कारण. लोक म्हणाले, "मित्राच्या घरी लग्नाला येत होता, एवढंच लिही." मी तसं लिहिलं. सहीसाठी वहिनींकडे नेलं. त्यांनी शेडमधली वही पुढे ठेवली. उडण्याआधी रघू रोज तीत लिहायचा. शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात होतं, "चांदवड. शैलाच्या लग्नात फुले टाकणे. विम्याचे मधूने पाहिले आहे."

वहिनी म्हणाल्या, "त्यांचं अक्षर खोटं पाडू नका."

मी फॉर्म फाडला. दुसरा भरला, खरा. काल कंपनीचं पत्र आलं. काही मिळणार नाही. कलम बरोबर आहे, रघूनेच मला ते शिकवलं होतं. वहिनींच्या पदरात दोन मुलं आहेत. शैला लग्नानंतर माहेरी आलेली नाही. मी तिला बोलावलेलंही नाही. कोणत्या तोंडाने बोलावू?

वहिनी, क्षमा मागत नाही. मागायची लायकी नाही माझी.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. त्या दिवशी मांडवात असलेले बरेच जण इथे आहेत. तो पडत होता तेव्हा आपले हात टाळ्या वाजवत होते. आज ते नुसते खाली सोडा.