दोन बटणांची मशीन

ताई, माझं माहेर अहमदपूरकडलं, लग्न होऊन आले ती थेट निघोज्यात, पत्र्याच्या खोलीत, आणि आमच्या मालकांच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास, आधी मळमळायचं, मग तोच वास आला की माणूस घरी आलं असं वाटायला लागलं. इथंच चाकणला एका लहान कंपनीत ते पत्रा दाबायच्या प्रेसवर आहेत, लेक होईपर्यंत मीही तिथंच होते, म्हणून सांगते, प्रेसला दोन बटणं असतात, हातभर अंतरावर, दोन्ही तळहातांनी एकदम दाबली तरच वरचं लोखंड खाली येतं. का, तर दोन्ही हात बटणावर म्हणजे एकही हात आत नाही. ज्यानं ती मशीन केली त्याला माणसाचा हात ठाऊक होता, बघा.

फोनचं तसं नाही. लेकीच्या नर्सिंगसाठी महिन्याला थोडं टाकायचं आणि विसरायचं, एवढंच ठरलं होतं, यांच्या शिफ्टमधल्या एकानं यांना फोनवर शेअरचं ॲप घालून दिलं, म्हणाला, भावा, चहा पिता पिता होतंय. खरंच होतंय, एक अंगठा सरकवला की झालं, वर स्क्रीनवर रंगीत कागद उडतात, घंटी किणकिणते, जशी वरातच दारात आली. आणि गप्प बसलं की तेच हाक मारतं, अमका शेअर वर चाललाय, तुमचं लक्ष आहे ना. काय सांगू तुम्हाला, इतक्या लाडानं माझ्या आईनंसुद्धा जावयाला कधी हाक मारली नाही. मग विसरणार कसं. सकाळी घेतलेलं दुपारी विकायचं, विकलेलं परत घ्यायचं, लेक म्हणाली, पप्पा, दर खेपेला ॲपवाल्यांचा कट जातोच की, तर म्हणाले, तू अभ्यास कर. रात्रपाळी करून आले की बाजार उघडतो, भाकरी समोर वाळत राहते, दुपारी डोळा लागला तरी गोधडीवर अंगठा आपला सरकतोच आहे, वर, वर.

तेही सोसलं असतं. पण परवा गिरणीत सुनीता भेटली, प्रेसवरची माझी जुनी सोबतीण, अजून तिथंच आहे, पदराचं पीठ झटकत म्हणाली, अगं, आता पहिली पाळी आहे ना, बाजार कामाच्या वेळेतच उघडतो, तुझ्या नवऱ्यानं डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलीय, उजव्या हातानं मशीन चालवतो, डाव्यात फोन, फोन ठेवायचा, पत्रा आत सरकवायचा, परत फोन. माल निघतोय म्हणून सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो.

घरी आल्यावर विचारलं, तर चिडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, कळतंय गं मला, पण हात राहत नाही. त्यांच्यादेखत मी ॲप काढून टाकलं, दोन दिवसांत त्यांनीच परत घातलं, वर लिहिलेलं, तुमची आठवण येत होती.

कंपनीत सांगावं तर नोकरी जाईल, न सांगावं तर, जाऊ द्या, ते तोंडातून काढत नाही मी. ते आले की डबा घ्यायच्या निमित्तानं दोन्ही हात धरते, तेलकट, ऊन, एकेका बोटावरून माझी बोटं फिरवते. म्हणतात, काय गं हे. मी म्हणते, काही नाही, डबा निसटत होता.

चहा निवला की तुमचा, प्या. तुमच्या घरचं माणूस ज्या हातांनी सकाळी गेलं, त्याच हातांनी परत येवो, ताई.