कात्रज ते स्वारगेट, जुन्या नकाशावर

संपतराव : नाय म्हंजे नाय. आन् आत्ता बोलू नको, माझी गाडी कात्रजच्या चौकात हाय.

तनुजा : आजोबा, गेम आहे तो. पॉझ करता येतो.

संपतराव : भरली गाडी मधीच उभी करत नसत्यात. लोक शिव्या देत्यात.

तनुजा : कुठले लोक? हा जुना रस्ता गेममध्ये बनवून दिला त्या शेजारच्या समर्थदादाला तुम्हीच पॅसेंजर काढून टाकायला लावलेत. मग रिक्षा काढल्या, मग टू-व्हीलर. आता त्या रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नाही.

संपतराव : शिस्त नव्हती त्यांना. डाव्या अंगानं घुसायचे. काढले ते बरं केलं.

सोजरबाई : चहा ठेवलाय. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, सांडू नका. तनुजा, तुझं काय बिनसलंय सकाळपासून? तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं.

तनुजा : आजी, शनिवारी आमची ऑनलाइन गेमची मॅच आहे. पाच जणींची टीम, सेमीफायनल. आणि त्या गेमने काल जाहीर केलं की जुन्या सिस्टिमवर तो चालणारच नाही. सिस्टिम अपग्रेड करायची, बस. एका तासाचं काम. फ्री आहे.

सोजरबाई : मग कर की. विचारतेस कुणाला?

तनुजा : केलं की आजोबांची बस बंद. तो गेम पंधरा वर्षांचा म्हातारा आहे, नव्या सिस्टिमवर उघडणार नाही. हे स्टिअरिंगही नाही चालणार. कंपनीने सपोर्ट बंद केला.

सोजरबाई : शी! ऐकूनच किळस येते. परवा तो मिक्सरवाला हेच म्हणाला. पार्ट येत नाही, नवीन घ्या. चाललेलं बंद पाडायचं आणि वर तोंड करून सांगायचं, फुकट आहे.

संपतराव : आता कसं बोललीस!

सोजरबाई : काल मी कीर्तन लावलं होतं या कॉम्प्युटरवर. बुवा रंगात आलेले, आणि अख्खा पडदा झाकून ते निळं पान. आपली सिस्टिम जुनी झाली. खाली बटणं दोनच. 'आत्ता' आणि 'नंतर'. मी 'नको' शोधतेय आपली, चष्मा पुसून पुसून.

तनुजा : 'नको' नसतंच, आजी.

सोजरबाई : का नसतं? दारात गालिचेवाला येतो, त्याला नको म्हणता येतं. सदाशिव पेठेत तर बेल वाजवायच्या आधी म्हणतात. आणि हा आमच्याच टेबलावर बसून, आमचीच वीज खाऊन, आम्हालाच विचारतो, आत्ता की नंतर. वर खातं उघडा म्हणे. मोबाइल नंबर द्या. जन्मतारीख द्या. मेल्या, मुलगी बघायला आलायस का?

संपतराव : आता गप बसा दोघी. बेल दे, सोजर. चौकातनं निघायचंय.

सोजरबाई : घ्या. टण टण. झाली डबल, चला.

तनुजा : स्टीलच्या पेल्यावर चमचा. रोज. माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना खरंच वाटत नाही.

सोजरबाई : वाटणार नाहीच. तुमच्या बसची दारंसुद्धा आपोआप मिटतात, तीही निम्मी माणसं बाहेर ठेवून. अगं, या रस्त्यानं मी तीस वर्षं गेले, यांच्याच गाडीनं. सकाळी डेअरीपाशी तापल्या दुधाचा वास यायचा. बालाजीनगरला सगळी शेतं. पद्मावतीला पहिल्यांदा गर्दी लागायची, म्हणजे काय, दहा माणसं. मी पुढच्या बाकावर. आणि हे आरशातून बघायचे.

संपतराव : मागची गाडी बघत व्हतो.

सोजरबाई : मागे गाडीच नसायची त्या काळात.

तनुजा : ओके, पण ऐका ना. मी काही आजोबांची बस हिसकावून घेत नाहीये. त्याच गेमचा नवा पार्ट आलाय. त्यात पुणे आहे. खरं, आजचं पुणे! कात्रजचा फ्लायओव्हर, सिग्नल, सगळं. स्टिअरिंग मी घेऊन देते, माझ्या इंटर्नशिपच्या पैशातून. ग्राफिक्स तर असले भारी—

संपतराव : थू! त्याला रस्ता म्हणत्यात? वर पूल, खाली खड्डा, मधी पत्रे ठोकलेले. ज्या रस्त्यावर मी जल्मात कुणाला धक्का लावला नाय, तिथं मी नव्यानं शिकू व्हय? ओकारी येती मला बघून.

तनुजा : बघितलाय कुठे तुम्ही? मी तीनदा व्हिडिओ लावला. तीनदा उठून गेलात.

संपतराव : वासावरनं कळतं.

सोजरबाई : चूक नाही त्यांचं. परवा रिक्षानं गेले मी स्वारगेटला. घरी येऊन चूळ भरली तर चिखल निघाला. दोन्ही बाजूंनी नुसते हॉर्न. एकानं थुंकलेलं दुसऱ्याच्या बुटावर, आणि तो दुसरा त्याचं शूटिंग करतोय. कुणाला काही वाटेनासंच झालंय. ते घाणेरडं आणखी घरात कशाला आणायचं, तनू? ग्राफिक्स भारी म्हणजे थुंकीसुद्धा चकचकीत दिसणार.

तनुजा : म्हणजे मी टीम सोडू? मी कॅप्टन आहे, आजी. घरात एकच कॉम्प्युटर, आणि तो रोज दुपारी एका रिकाम्या रस्त्यावर फिरतो. रोज तोच रस्ता! तेच पाच स्टॉप! कंटाळा कसा येत नाही?

संपतराव : बालाजीनगर गेलं. आता पद्मावती. बेल मार, सोजर, उतरणारे हायेत.

तनुजा : बघ, आता रागानं माझ्याकडे लक्षच— आजी? काय झालं?

सोजरबाई : हे कधी आलं?

तनुजा : काय? अरे, हे परत! आजोबा, थांबा, मी 'नंतर' दाब—

सोजरबाई : हात लावू नकोस. गप्प उभी राहा. अहो.

संपतराव : बेल दे की.

सोजरबाई : देते. कुठं आलोय आपण?

संपतराव : पद्मावतीच्या अलीकडं. सांगितलं की.

सोजरबाई : समोर काय दिसतंय?

संपतराव : काय दिसायचंय? रस्ता. डाव्या हाताला वड. पुढं स्टॉपची पाटी, लाल.

सोजरबाई : नीट दिसते पाटी?

संपतराव : चकचकीत. आज काय चौकशी लावलीस?

सोजरबाई : अहो, समोर वड नाही. पाटी नाही. रस्ताही नाही. ते निळं पान आलंय, अख्खा पडदा झाकून. आपली सिस्टिम जुनी झाली.

तनुजा : आजोबा...

संपतराव : मग काय झालं? आवाज येतोय की इंजिनाचा. आलं असंल आत्ताच. मी इकडं, तुझ्याकडं बघत व्हतो.

सोजरबाई : माझ्याकडे? बघा मग. किती बोटं?

संपतराव : सोजर, पोरीसमोर तमाशा नको.

सोजरबाई : किती?

संपतराव : ...दोन.

तनुजा : आजी, तू तर हातच वर केला नाहीयेस.

सोजरबाई : तीस वर्षं, तनू. तीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी केली मी. लोकांच्या डोळ्यांत थेंब घातले. ड्रायव्हर लोक यायचे लायसन्सच्या तपासणीला. बाहेर बाकावर बसून, आत डोकावून डोकावून तक्ता पाठ करायचे. खालच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणायचे. डॉक्टर खूश. आणि मी काय करायची ठाऊक आहे? दुसरा तक्ता लावायची. की लगेच घसा खाकरायला लागायचे. मग ओरडायचे. हा तक्ताच भिकार आहे, अक्षरंच घाण छापलीत, तुमचा दवाखानाच फालतू.

तनुजा : म्हणून नवा मॅप नको होता.

सोजरबाई : म्हणून पॅसेंजर नकोत, रिक्षा नकोत. पाठ केलेला रस्ता. मधे काही हलायला नको. आणि मी शहाणी रोज चमचा वाजवत होते पेल्यावर.

संपतराव : तसं कायबी नाय. जरा धुरकट हाय, एवढंच. कडंनी अंधार येतो. मधी दिसतं थोडं.

सोजरबाई : कधीपासून?

संपतराव : गणपतीच्या आधीपासून आसंल. मागल्या.

सोजरबाई : मागल्या! आणि पेपर? रोज सकाळी मला म्हणता, तू वाच, तुझा आवाज कानाला बरा वाटतो. आणि मी मेली, या वयात, लाजत होते! पदर सारखा करून वाचत होते! शी, शी, शी. स्वतःचीच शिसारी आली मला.

संपतराव : आवाज बरा वाटतो त्ये खोटं नव्हतं.

सोजरबाई : एक अक्षर बोलू नका. कडेनं अंधार येतो म्हणजे काय, तुम्हाला कळतं? मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. काचबिंदू असेल तर गेलेलं परत येत नाही. उरलंय तेवढं राखायचं. वर्ष घालवलंत तुम्ही या भिकारड्या खेळावर!

संपतराव : म्हायती हाय मला. तुझ्याच तोंडून ऐकलंय हज्जार येळा. म्हणून तर बोललो नाय. ह्यो रस्ता तेवढा दिसत व्हता मला. डोळं मिटलं तरी दिसतो. तू बाकावर बसल्याली दिसती. दवाखान्यात गेलो की डॉक्टर म्हणायचे, संपतराव, संपलं.

तनुजा : आजी, मी अपग्रेड नाही करत. टीमला सांगते दुसरी कॅप्टन बघा.

सोजरबाई : तू कशाला त्याग करतेस? ते शनिवारचं आहे, शनिवारी बघू. आत्ता 'नंतर' दाब आणि रिक्षा बोलाव. सदाशिव पेठ. आमचे डॉक्टर गेले, पण त्यांची सून बसते दवाखान्यात.

संपतराव : उद्या जाऊ. आज—

सोजरबाई : तुम्हाला 'नंतर' हे बटण नाही. 'नको' पण नाही. एकच ठेवलंय.

तनुजा : दाबलं. गेलं ते पान. आजी, इकडे ये. बघ ना.

सोजरबाई : काय झालं? धडकवली ना कुठं?

तनुजा : नाही. बस पद्मावतीच्या स्टॉपला उभी आहे. पाटीला अगदी लागून. दार बरोबर फुटपाथसमोर.

संपतराव : मग? सांगितलं नव्हतं?

सोजरबाई : हो. सांगितलं होतंत.

संपतराव : आशी रस्त्यात सोडून नाय येणार मी. डेपोत लावतो आन् निघू. पण आत घ्यायची म्हंजे रिव्हर्स. मागलं मला... तिथं मागं कंडक्टर उभा ऱ्हायचा.

तनुजा : रिक्षा दहा मिनिटांत येतेय, आजी.

सोजरबाई : येऊ दे. तो चहा घे उचलून तिथला, गार झालाय. सरका जरा, मला दिसू दे. हं. स्वारगेटपर्यंत तुम्ही आणा, पुढचं मी सांगते.

(पेल्यावर चमचा दोनदा वाजतो.)

संपतराव : आलं स्वारगेट. गेट लागलं?

सोजरबाई : लागलं. आता मागे घ्या. येऊ द्या. येऊ द्या. थोडं डावीकडे. येऊ द्या, मी आहे. बास.