विनीचे सहा रकाने

(भुईगाव. शाळा सुटून गेलेली. वर्गात नर्मदाबाई, फळा पुसत विनी, दारात तिचे वडील, पास्कल.)

पास्कल: दाखला लिवा, बाई. विनीचं नाव काडतो.

नर्मदाबाई: आधी बसा तरी, पास्कलभाऊ.

पास्कल: बसाया येळ नाय. मोगरा तसाच पडलाय घरी, हिची आई एकटी ओवते. पोरीला काय येत नाय, ते तुमी भिंतीवर लावलंय. मंग शाळेत ठेवून काय करू?

नर्मदाबाई: मी नाही लिहिलं ते. तिनंच लिहिलंय.

पास्कल: तेच तर! आमी चूक केली तर फादरच्या कानात सांगतो. पडद्याआड. भिंतीला नाय चिकटवत.

नर्मदाबाई: चूक नाही हो ती. या सहामाहीत गणितात काय काय यायला हवं, ते मुलांनीच माझ्याबरोबर बसून काढलं. दहा गोष्टी झाल्या. प्रत्येकानं आपल्या नावापुढे लिहायचं, येतं की येत नाही.

पास्कल: मार्क देयाचं काम बाईचं.

नर्मदाबाई: सहा वर्षं तेच केलं. मुलं मार्क घरी घेऊन जातात आणि न आलेलं गणित माझ्यापाशी ठेवून जातात. थकले मी.

पास्कल: आमच्या आळीत सगळ्यांची पोरं हुशार निघाली. हिचे तेवडे सहा रकाने 'येत नाय'.

नर्मदाबाई: चोपन्न मुलं आहेत वर्गात. त्रेपन्न जणांनी वरपासून खालपर्यंत 'येतं' लिहून टाकलं. तुमच्या शेजारच्या फर्डिनंडनं तर मी अजून शिकवलं नाही, तेसुद्धा 'येतं' लिहिलंय.

पास्कल: त्याचा बाप पन तसाच. सगळं येतं त्याला.

नर्मदाबाई: हसू नका, विनी ऐकतेय. काल मी सगळ्यांना गणितं घातली. 'येतं' लिहिलेल्यांपैकी कुणालाच सगळी आली नाहीत. कागदावरचं आणि वहीतलं जुळलं ते एकाच मुलीचं.

पास्कल: जुळून काय उपेग? येत तर नाय ना.

नर्मदाबाई: कुठून सुरुवात करायची ते कळतं. बाकीच्यांचं मला शोधत बसावं लागतंय. एक विचारू? तुम्हाला तो कागद वाचून कुणी दाखवला?

पास्कल: हिनंच. परवा शाळेत केळी टाकाया आलो हुतो, तवा. मला कुटं वाचता येतं?

नर्मदाबाई: म्हणजे 'सगळं येतं' असंही तिला सांगता आलं असतं तुम्हाला.

पास्कल: ते काय बी असू दे. तुमी दाखला लिवा.

नर्मदाबाई: माझाही हट्ट नाही. उपास आहे आज, वाद घालायची ताकद नाही. तिच्या नावापुढचं पुसून टाकते, मग तर झालं?

विनी: नको, बाई.

पास्कल: तू गप बस.

विनी: पुसलं तर काय यायचं राहिलंय ते मी कुठं बघू? आणि त्यातलं एक आता येतं. वेगळ्या छेदांची बेरीज. लिहायचं राहिलंय फक्त.

नर्मदाबाई: खरं? मग कर. तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश.

विनी: छेद वीस. वर तीन आणि दोन, पाच. पाच छेद वीस.

नर्मदाबाई: झालं? लिहू 'येतं'?

विनी: थांबा हं. पाच छेद वीस म्हणजे... चार वेळा पाच, वीस. म्हणजे पाव.

नर्मदाबाई: बरं.

विनी: पण तीन चतुर्थांश म्हणजे पाऊण ना?

पास्कल: पाऊणच. मला इचार.

विनी: पाऊण किलोत आणखी फुलं टाकली, तर पाव किलो कसं होईल, बाबा?

पास्कल: कोनी मधीच उचलली तर. नायतर कसं हुईल? वाडेलच.

विनी: मग चुकलंय. खालचे वीस केले, वरचे तसेच ठेवले मी. राहू दे, बाई. 'येत नाही'च राहू दे. पुन्हा करते.

नर्मदाबाई: हो. पाटी घे... पास्कलभाऊ, दाखल्याचं सांगा. हेडमास्तर निघतील आता.

पास्कल: जाऊ द्या त्यांना. तू कर गं, घाई नको करू. मी बाहेर पायरीवर हाय.