नकाशात नसलेली वस्ती

ऐका तरी! लातुरात भूगोल शिकवताना मी एकदा मोबाइलचा नकाशा पडद्यावर लावला. क्लासेसच्या गल्लीतली मेस न् मेस नावानिशी दिसत होती. म्हटलं, आता आपापलं घर शोधा.

भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावातली रेश्मा उठली. "मॅडम, सरपंचाची गल्ली हाय, आमची वस्ती न्हाई. नुसतं रान दावतंय."

आम्ही वस्तीचं नाव टाकायला बसलो. मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, "हे परीक्षेला येतं का?"

"न्हाई येत. म्हणूनच शिकवते."

पुढच्या आठवड्यात नाव नकाशात आलं. रेश्मानं वर्गातूनच पाण्याच्या टँकरवाल्याला फोन लावला. "मामा, वस्ती सापडत न्हाई म्हणता ना? आता नकाशात हाय. टँकर आणा, न्हाईतर दुसरं कारण शोधा!"